‘वर्गात आम्ही आठच जण’ : गणित घेतलेल्यांचे प्रश्न

मागच्या अंकात एका ओळीची सूचना टाकली होती : गणित घेतलेल्या, घेऊ पाहणाऱ्या आणि घेऊन पस्तावलेल्या मंडळींनी लिहावं. मला वाटलं, चार-पाच पत्रं येतील. आली साठच्या वर. त्यातली निम्मी व्हॉट्सअ‍ॅपवर, काही चौकटीच्या वहीचं पान फाडून. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात ३४ वर्षं गणित शिकवलं आणि २०२४ मध्ये निवृत्त झाले. तेव्हा उत्तरं त्याच खुर्चीतून येणार, हे धरून वाचा. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

मॅडम, मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, गणित मेजर. वर्गात आम्ही आठच जण, त्यात सहा मुली. शिकवायला एकच सर, तेही सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. मैत्रिणी नीटसाठी लातूरला गेल्या, दोघी नर्सिंगला लागल्या. मावशी म्हणते, ‘आठ पोरांच्या वर्गात शिकून काय कलेक्टर होणार का?’ माझं चुकलं का? — विद्यार्थिनी, ता. मुखेड

मावशीला सांग, कलेक्टर व्हायलासुद्धा गणित चालतं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तो पर्यायी विषय आहे, दोन पेपर, ५०० गुण. हे झालं मावशीपुरतं.

तुझ्यापुरतं असं, की आठ जणांचा वर्ग ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नाही. शहरातल्या शंभर पोरांच्या वर्गात खडू हातात यायला वर्ष जातं. आठांत तो रोज येतो, चुकवू म्हटलं तरी चुकत नाही. माझ्याकडे एका वर्षी पाचच पोरं होती. मी नियमच केला होता, की सिद्धता फळ्यावर मी लिहायची नाही. एक मुलगी होती, वडील एसटीत कंडक्टर. दोनचं वर्गमूळ अपरिमेय आहे, हे सिद्ध करायला उठली. ‘समजा, ते p/q आहे’ इथून सुरुवात बरोबर केली, वर्ग केले आणि लिहिलं, ‘p चा वर्ग सम, म्हणून p सम.’ मी मागून विचारलं, ‘का?’ ती थांबली. वीस मिनिटं फळ्याकडे तोंड करून उभी. घंटा झाली. बाकीचे चौघं हळूच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या आधी वर्गात होती. फळ्यावर लिहून ठेवलं होतं : विषम संख्या म्हणजे २k+१. तिचा वर्ग ४k²+४k+१. तो विषमच. मग वर्ग सम असेल तर मूळ संख्या विषम असूच शकत नाही. ‘रात्री भाकरी थापताना सुचलं,’ म्हणाली. गाइडात ही ओळ नसते. गाइडात ‘म्हणून p सम’ एवढंच असतं आणि परीक्षेत तेवढ्यावर गुणही मिळतात. ती आता जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. पालकांची तक्रार असते, की बाई गणिताच्या तासाला उत्तर आलं तरी ‘का?’ विचारतात.

तेव्हा वर्ग लहान असण्यानं तुझं बिघडत नाही. लहान कॉलेजात बिघडतं ते एकाच गोष्टीनं : बातमी उशिरा पोचते. मी बीएस्सीला होते तेव्हा गणिताच्या उन्हाळी शिबिराचं एक पत्रक आमच्या कॉलेजच्या ऑफिसात आलं होतं. कुणाच्या तरी टेबलाच्या खणात पडून राहिलं. मला ते सापडलं तेव्हा अर्जाची तारीख उलटून पाच आठवडे झाले होते, आणि पत्रकाच्या पाठीवर कुणीतरी चहाचा हिशेब लिहिलेला होता. चाळीस वर्षं होत आली, मला अजून तो आकडा पाठ आहे. साडेसात रुपये.

तू त्या खणावर अवलंबून राहू नकोस. घरातल्या कॅलेंडरवर तीन खुणा कर. साधारण जानेवारीत माधव गणित स्पर्धा असते, बीएस्सीच्या पोरांसाठीच. पुण्याचं एस. पी. कॉलेज आणि मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून घेतात. पेपर पाहून डोळे पांढरे होतील, पण बसच. हिवाळ्यात एमटीटीएसच्या अर्जावर लक्ष ठेव. १९९३ पासून चाललेलं उन्हाळी प्रशिक्षण आहे, प्रा. कुमारेसन यांनी उभं केलेलं. साधारण महिनाभर राहायचं, राहणं-जेवण आणि रेल्वेचं भाडं तेच देतात. तिथं व्याख्यान कमी आणि प्रश्न जास्त. पाठांतरावर आलेलं लेकरू पहिला आठवडा रडतं आणि शेवटच्या आठवड्यात घरी जायला नको म्हणतं. तिसरी खूण तिसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात : जॅमचा अर्ज. परीक्षा फेब्रुवारीत, तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. त्यातून आयआयटीत एमएस्सीला प्रवेश मिळतो. कोणत्या कॉलेजातून आलीस, हे तो पेपर विचारत नाही. वास्तव विश्लेषण, रेषीय बीजगणित, गट, बहुचलांचं कलन, अवकल समीकरणं, बस. यातलं बहुतेक तुझ्या अभ्यासक्रमात आहेच, फक्त प्रश्न तुमच्या विद्यापीठाच्या परीक्षेसारखे ‘सिद्ध करा, गुण ५’ असे नसतात.

सीएचबीवरच्या सरांना कमी लेखू नकोस. बहुधा ते सेट-नेट, म्हणजे प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षा, झालेले असतील आणि त्यांना जॅम तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. त्यांना तास संपल्यावर अर्धा तास थांबायला सांग. त्याचे पैसे त्यांना मिळत नाहीत, तेव्हा निदान चहा पाज.

नमस्कार मॅडम. सात एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. पोराला बारावीला गणितात ८८ पडले. त्याला बीएस्सी गणित करायचं, मी म्हणतो इंजिनिअरिंग तरी कर. गणितानं पोट भरतं का, ते स्पष्ट सांगा. ता. क. मागं सोयाबीन निम्म्यावर आलं तर विमा चार आण्यांचाच भेटला. हा हिशेब आम्हाला कुणीच समजून सांगितला नाही. पोरगा म्हणतो, मी सांगतो. — एक शेतकरी, ता. कळंब, जि. धाराशिव

दादा, तुमची ता. क. आधी घेते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे.

पंतप्रधान पीकविम्यात भरपाई तुमच्या नेहमीच्या उत्पन्नाशी ताडून देत नाहीत. ती ‘उंबरठा उत्पादना’शी ताडतात. तो उंबरठा असा निघतो. तुमच्या महसूल मंडळाच्या मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तरानं, म्हणजे त्या सरासरीच्या जितक्या टक्क्यांची विमा हमी घेतो त्यानं, गुणायचं. आकडे मी सोयीचे घेते. समजा, हेक्टरी क्विंटल असे आले : १४, ११, ५, १२, १३, ७, १०. पाच आणि सात ही वाईट वर्षं सोडा. उरलेल्यांची बेरीज ६०, सरासरी १२. जोखीमस्तर ७० टक्के असला तर उंबरठा ८.४. यंदा मंडळाला ६.३ क्विंटल उतरलं. तुम्ही म्हणणार, बारावर येणारं सव्वासहावर आलं, जवळपास निम्मं गेलं. विमावाला म्हणतो, ८.४ च्या खाली २.१ गेलं, म्हणजे २५ टक्के. हेक्टरी विमा संरक्षित रक्कम ५०,००० असेल तर हातात १२,५००. तुमचे चार आणे इथून आले. बारापासून ८.४ पर्यंतची घसरण तुमची तुम्हीच सोसायची, असं त्या सूत्रात लिहिलेलं आहे. फक्त ते मराठीत कुणी वाचून दाखवत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ६.३ हा आकडा तुमच्या बांधाच्या आतला नाही, अख्ख्या महसूल मंडळाचा आहे. तो पीक कापणी प्रयोगातून येतो. गावातला कोणता गट, त्या गटात प्लॉट कुठं, हे यदृच्छ आकड्यांनी, म्हणजे डोळे मिटून चिठ्ठी काढावी तसं ठरायला पाहिजे. रस्त्याकडेचं सोयीचं रान धरलं, की सरासरी बिघडली आणि तिच्याबरोबर हजार घरांचा विमा बिघडला. ही नमुना काढायची पद्धत आपल्या देशात ज्यांनी शास्त्रशुद्ध बसवली, त्यांत पां. वा. सुखात्मे हे मोठं नाव. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. लंडनला संख्याशास्त्र शिकून आले, १९४० च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या उत्पादनाचा अंदाज काढायचं काम केलं आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. गणित घेऊनच शिकले होते.

आता पोट. खरिपाला तुम्ही विमा रकमेच्या जास्तीत जास्त दोन टक्के भरता, बाकीचा हप्ता सरकारं भरतात. पण मुळात हप्ता किती बसायला हवा, हे कोण ठरवतं? ते काम करणाऱ्याला अ‍ॅक्चुअरी म्हणतात, मराठीत विमागणिती. आयुर्विमा, आरोग्यविमा, पेन्शन, सगळीकडे लागतो. बारावीनंतर त्यांच्या संस्थेची, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडियाची प्रवेश परीक्षा देता येते. पुढे डझनभर पेपर, नोकरी करत करत द्यायचे. बरीच वर्षं लागतात आणि प्रत्येक पेपरची फी असते, हेही सांगून ठेवते. मध्येच सोडणारे खूप. पण चार-पाच पेपर झाले तरी मुंबई-पुण्याकडे कामाला घेतात.

ते लांबचं वाटत असेल तर जवळचं घ्या. पोराला बीएस्सीला गणिताच्या जोडीला संख्याशास्त्र घ्यायला सांगा. नुसतं गणित घेणारा आणि सोबत संख्याशास्त्र घेणारा, यांच्यासमोरची दारं सारखी नसतात. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवी परीक्षेत कनिष्ठ सांख्यिकी अधिकाऱ्याचं पद असतं. पदवीला संख्याशास्त्र असलं किंवा बारावीला गणितात ६० टक्के असले की चालतं. तुमच्याकडं तर ८८ आहेत. यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा आहे, तिला मात्र संख्याशास्त्र विषय लागतोच. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, त्याचं जिल्हा कार्यालय धाराशिवलाच आहे, कधी बाजाराला गेलात तर पोराला नुसतं दाखवून आणा. आणि पोराची खरंच झेप असेल तर कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३१ मध्ये काढलेली. प्रवेश परीक्षा अवघड आहे, पण आत गेला की फी जवळजवळ नाही आणि उलट दरमहा विद्यावेतन मिळतं. बारावीनंतर थेट बी.स्टॅट., बी.मॅथ. आहे, पदवीनंतर एम.स्टॅट., एम.मॅथ. आहे.

इंजिनिअरिंग वाईट असं मी म्हणणार नाही. माझा भाचा इंजिनिअर आहे आणि आमच्या घरात तोच सगळ्यांना पैसे उसने देतो. पण मिळेल त्या कॉलेजात, मिळेल त्या शाखेला, चार वर्षांची फी आणि शहरातली खोली, हा खर्च एका बाजूला लिहा. अनुदानित कॉलेजात बीएस्सीची वर्षाची फी एका मोबाइलच्या आत बसते, ते दुसऱ्या बाजूला लिहा. मग उरलेल्या पैशात पोराला दोन परीक्षांची तयारी करता येते का, बघा. आणि हा हिशेब त्यालाच करायला लावा. विम्याचा करतो म्हणालाय ना!

बारावीला गणितात ४२ आहेत. बीएस्सीला गणित घेऊ का? — ता. अंबड, जि. जालना

बारावीचं गणित म्हणजे सूत्र आठवणं आणि वेळेत सोडवणं. बीएस्सीचं वेगळंच असतं. ४२ वाले पुढे छान निघालेले मी पाहिलेत आणि ९५ वाले पहिल्या वर्षाला ‘एप्सिलॉन’ ऐकून फार्मसीला पळालेले पाहिलेत. एक करून बघा : शाळेच्या पुस्तकातलं एक सूत्र घ्या, दहावीच्या वर्गसमीकरणाचं घ्या, आणि ते कुठून आलं ते पुस्तक मिटून कागदावर काढा. दोन तास बसलात, नाही जमलं, तरीही चिडचिड न होता परत बसावंसं वाटलं, तर घ्या. मोबाइल उघडावासा वाटला तर नका घेऊ.

माझं दहावीपर्यंत सगळं मराठीतून झालं. आता पुस्तकं इंग्रजीत. गणित येतं पण वाक्यच कळत नाही, विशेषतः रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये. इंग्रजीचा क्लास लावू का? — बीएस्सी द्वितीय वर्ष, गंगाखेड

क्लास लावू नकोस. तुला इंग्रजी अडत नाही, तुला दोन शब्द अडतात, आणि ते पुण्याच्या इंग्रजी माध्यमातल्या पोरांनाही अडतात. ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक आहे’. यांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो, एवढंच ते सगळं प्रकरण आहे.

हे बघ. ‘प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे.’ खरं आहे, बाजारातून कुलूप आणलं की किल्ली येतेच. आता उलटव : ‘अशी एक किल्ली आहे, जी प्रत्येक कुलपाला लागते.’ ती फक्त चोराकडं असते! शब्द तेच, क्रम फिरवला.

आता तुझं पुस्तक उघड. सातत्याच्या व्याख्येत आधी बिंदू दिलेला असतो, एप्सिलॉन (उत्तरात किती फरक चालेल ते) दिलेला असतो, मग डेल्टा (त्यासाठी x बिंदूच्या किती जवळ हवा ते) शोधायचा. प्रत्येक बिंदूला त्याची त्याची किल्ली. एकरूप सातत्यात म्हणतात, एप्सिलॉन दिला की एकच डेल्टा असा हवा, जो सगळ्या बिंदूंना चालेल. चोराची किल्ली. x² घे, अख्ख्या संख्यारेषेवर. शून्याजवळ डेल्टा ऐसपैस चालतो, पण x हजारावर गेला की आलेख इतका उभा होतो, की डेल्टा बारीक करावा लागतो, लाखावर आणखी बारीक. एक किल्ली सगळ्यांना पुरत नाही. म्हणून तो सतत आहे, पण एकरूप सतत नाही. तेच ० ते १ या बंद अंतरात बघ, तिथं एक किल्ली पुरते.

मी हे कुलूप-किल्लीचं दरवर्षी सांगायचे. एका पोरानं पेपरात ‘बाय मास्टर की’ असं लिहिलं होतं. गुण मी पूर्ण दिले, मॉडरेटरनं दोन कापले.

सवय एवढीच लाव : प्रत्येक व्याख्या आधी मराठीत, आपल्या बोलण्यातल्या शब्दांत वहीच्या डाव्या पानावर लिही आणि उजव्या पानावर पुस्तकातली उतर. ‘सच दॅट’ला ‘असा, की’. ‘देअर एग्झिस्ट्स’ला ‘आहे’. तीसेक शब्दांत काम भागतं. लिहायचं मात्र इंग्रजीत, कारण पुढच्या परीक्षा तशा आहेत. एनपीटीईएलवर आयआयटीच्या मास्तरांची व्याख्यानं फुकट आहेत, त्यांचं इंग्रजी कळायला आठवडा लागतो, मग कान बसतो.

मॅडम, वय २९. एमएस्सी, बीएड, सेट. चार वर्षं दोन कॉलेजांत सीएचबी करतोय. सकाळी एकीकडे, दुपारी ४० किलोमीटरवर दुसरीकडे. पैसे सहा-सहा महिन्यांनी निघतात. कायम जागा निघतील या आशेवर थांबलोय. घरचे लग्नाचं बघतायत, मुलीकडचे ‘पर्मनंट आहे का’ विचारतात. थांबू की सोडू? — जि. परभणी

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पेट्रोलचा हिशेब तुम्ही पत्राच्या पाठीमागं केलेला दिसतोय, तोही वाचला.

मी १९९० मध्ये लागले. मुलाखत, आदेश, रुजू, सगळं दोन महिन्यांत. त्यामुळं ‘धीर धरा’ असं मी तुम्हाला म्हणणं बरं दिसणार नाही. माझ्या जागेवर मी निवृत्त झाल्यापासून सीएचबीच आहे. तेव्हा सांगते, कायम जागेची वाट बघू नका. जाहिरात आली तर अर्ज करा, पण आयुष्य तिच्यावर टांगून ठेवू नका.

तुमच्या हातात बीएड आहे, ही मोठी गोष्ट. तुमच्यासारखे बरेच जण ते केवळ कमीपणा वाटतो म्हणून वापरत नाहीत. ‘सेट होऊन शाळेत?’ हो, शाळेत. टेटच्या गुणांवर पवित्र पोर्टलवरून भरती होते. आपल्याकडं टीईटी आणि टेट यांत गोंधळ फार होतो : टीईटी ही पात्रता, पहिली ते आठवीला लागते, आणि टेट ही भरतीची अभियोग्यता चाचणी, तिच्या गुणांवर यादी लागते. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. २०२३ पासून मानधन माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००. थोडं आहे, पण महिन्याचं महिन्याला आहे आणि तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी आहे. एमएस्सी-बीएड म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयही तुम्हाला खुलं. टेट काही दरवर्षी होत नाही, त्यामुळं निघेल ती सोडू नका. त्यात गणिताचा आणि बुद्धिमत्तेचा भाग तुमच्या घरचाच आहे.

पीएचडी करायची मनापासून इच्छा असेल तर सेटवर थांबू नका. सेटला शिष्यवृत्ती नाही, आणि ती चालते राज्यापुरती. सीएसआयआर-नेटची जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, काढा. महिन्याला ३७,००० आणि वर घरभाडं, म्हणजे बहुधा तुमच्या दोन्ही कॉलेजांच्या बेरजेपेक्षा जास्त. वयाची अट बघून घ्या, तुम्ही काठावर आहात, आरक्षणात सवलत आहे. पण सकाळी एक आणि दुपारी एक कॉलेज करून जेआरएफ निघत नाही, हे तुम्हालाही कळतंय. एक कॉलेज सोडा. लांबचं. पेट्रोल वाचेल तेवढं तरी उत्पन्नच.

मुलीकडच्यांना काय सांगायचं, ते माझ्या विषयाबाहेरचं आहे. मात्र माझं लग्न ठरलं तेव्हा मला नोकरी होती आणि ह्यांना नव्हती, हे सांगून ठेवते.

सगळे म्हणतात एआय, डेटा सायन्सला गणित लागतं. मग बीसीए करू की बीएस्सी गणित? — ता. औसा, जि. लातूर

लागतं, पण सगळं लागत नाही. मॅट्रिक्स आणि त्यांची आयगेन मूल्यं, संभाव्यता, आणि उतार धरून सगळ्यांत खालचा बिंदू शोधायचं कलन, ही तीन पक्की हवीत. तुमच्या मोबाइलमध्ये फोटोवरून चेहरा ओळखतात, तिथं फोटो म्हणजे आकड्यांचं एक मॅट्रिक्स असतं, दुसरं काही नाही. बीएस्सी गणितात ही तीन मिळतात, पण संगणक शिकवतीलच असं नाही. बीसीएमध्ये उलट. कोणतंही घेतलं तरी उरलेलं अर्धं स्वतः करावं लागणार. माझं मत विचाराल तर प्रोग्रामिंग घरी शिकता येतं, पायथॉन तर मोबाइलवरसुद्धा चालतं. रेषीय बीजगणित घरी एकट्यानं शिकणारा मला ३४ वर्षांत एकच भेटला, तो पोस्टमन होता. गणिताची पदवी घेऊन पुढे एमसीए करायचा रस्ता उघडा असतो, तेही लक्षात ठेवा. ‘तीन महिन्यांत डेटा सायंटिस्ट’ अशा जाहिरातीच्या क्लासला मात्र बापाचे पैसे देऊ नका.

भास्कराचार्य आपल्या बीडचे होते ना? आमच्या सरांनी सांगितलं. — इयत्ता नववी, गेवराई

सरांचं मन मोडवत नाही, पण पुरावा दुसरीकडं बोट दाखवतो. भास्कराचार्यांनी स्वतः आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं, विज्जडवीड असं सांगितलंय. त्यातल्या ‘वीड’वरून लोक बीड काढतात. जन्म १११४ चा, लीलावती ११५० ची. त्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या सिंघण यादवाचे ज्योतिषी होते. त्यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा १२०७ चा शिलालेख पाटणे इथं आहे, चाळीसगाव तालुक्यात. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. कन्नडचा घाट उतरलं की पाटणे जवळच. म्हणजे गाव बहुधा खानदेशात आणि नातवाचा राजा मराठवाड्यातला, वाटणी बरी झाली. सरांना घेऊन सहल काढा.

०.९९९… हे १ च्या बरोबर असतं का थोडं कमी? — नाव-गाव नाही

बरोबर असतं. एक तृतीयांश म्हणजे ०.३३३…, दोन्ही बाजूंना तीननं गुणा.

पटलं नाही, माहीत आहे. मलाही १९८३ साली पटलं नव्हतं. मी होस्टेलच्या खोलीतल्या मुलीशी दोन दिवस बोलले नव्हते. तुम्हाला ‘थोडं कमी’ वाटत असेल तर एक काम करा. दोन वेगळ्या संख्यांच्या मध्ये तिसरी बसतेच, दोघींची सरासरी काढली की मिळाली. तेव्हा ०.९९९… आणि १ यांच्या मध्ये बसणारी एक संख्या काढून पाठवा. पुढच्या अंकात छापते, या वेळी नाव-गावासकट.